झाकणाची टोपली

त्या वर्षी दसऱ्याचं सोनं कुणी हातावर ठेवलंच नाही. मी मुलाकडे फ्रेस्नोला होते. कॅलिफोर्नियाच्या मधल्या सखल पट्ट्यातलं हे गाव. डोंगर लांब धुळीत विरघळलेले, आणि ऊन, काय सांगू, थेट आपल्या यवतमाळचं. ओळखीच्या माणसानं मागून येऊन मानेवर हात ठेवावा तसं पडणारं, ओठ सुकवणारं, झाडाच्या वीतभर सावलीलाही भाव आणणारं ऊन. एका दुपारी मुलानं गाडी गावाच्या पश्चिमेला काढली. तासभरानं रस्त्याच्या दोन्ही अंगांना काहीतरी पांढरं पसरत गेलं. मी काच खाली केली.

कापूस होता.

वेचायला मात्र कुणी नव्हतं. एकच अजस्र यंत्र शेतभर फिरत होतं आणि मागे पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे टाकत होतं, एखाद्या प्रचंड जनावरानं अंडी घालावीत तसे. मला आमच्या पांढरकवड्याच्या बाया आठवल्या. सीतादहीची पूजा करून पहिल्या तासाला शिरणाऱ्या, कमरेला ओटी बांधलेल्या, बोंडाच्या वाळल्या टोकांनी पेरं ओरबाडली तरी दोन बोटांच्या चिमटीनं कापूस असा अलगद सोडवणाऱ्या की पाकळीचा कचरासुद्धा सोबत येऊ नये. माझी आईही त्यांतलीच. संध्याकाळी ती भाकरीचा तुकडा मोडायची तेव्हा तिची बोटं दुखतात हे तिच्या तोंडावर दिसायचं. बोलायची नाही. मास्तरीण होऊन मी खडू धरला आणि त्या चिमटीतून सुटले. पण सुटलेपण कधीकधी चोरीसारखं वाटतं.

परतताना भूक लागली. कपडे धुण्याच्या दुकानाला लागून एक लहानशी खानावळ होती, लाओ लोकांची. सहा टेबलं, प्रत्येकावर मेणकापड, आणि मेणकापडावर छापलेली पांढरी फुलं, पोटात हळदीचं बोट लागल्यासारखी. मी बोट ठेवून विचारलं. गल्ल्यावरची बाई, माझ्याच वयाची असेल, म्हणाली, "दोक चंपा." दोक म्हणजे फूल. चंपा म्हणजे काय, हे मी तिला विचारलं नाही. देवळाच्या अंगणात ओघळून पडलेला, वेचताना देठाचा चीक बोटांना लागणारा आपला पांढरा चाफा हे लाओसचं राष्ट्रीय फूल आहे.

आत शिरताना ती काहीतरी म्हणाली होती. नंतर अर्थ कळला. "किन खाव लेव बो?" भात खाल्ला का? तिकडे एकमेकांची खुशाली अशीच विचारतात. आमच्याकडे दारात आलेल्याला "जेवल्या का?" म्हणतात, त्यातलाच प्रकार. पोटाची विचारपूस झाली की मनाची वेगळी करावी लागत नाही.

मग आतून आवाज आला. ढप्प. ढप्प. मध्येच चमच्याची खरखर, पुन्हा ढप्प. मी मान न वळवता ओळखलं, उखळ आहे. कच्च्या पपईचा कीस, मिरची, लसूण, लिंबू एकत्र कुटून त्यांचं 'ताम माक हुंग' होतं. आमच्या न्हाणीमागं सांडपाण्यावर आपोआप वाढलेली पपई कधी कुणी एवढ्या मानानं कुटली नाही. तो आवाज ऐकत बसले. आजीच्या अंगणात मुसळाचा असाच ताल असायचा, दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, आणि त्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत हलक्या आवाजात सांगितली जाणारी साऱ्या गावाची दुःखं.

ताटली आली तशी मुलानं नाक आक्रसलं. पादेक, म्हणजे मडक्यात महिनोन्‌महिने मुरवलेल्या माशांचं खारं कालवण, त्यात घातलेलं. मला तो वास नवा नव्हताच. बाजाराच्या दिवशी झिंगेवाल्यांच्या ओळीतून जाताना पदर नाकाला लावणाऱ्या बाया घरी येऊन तेच झिंगे तव्यावर भाजायच्या आणि दोन भाकरी जास्त खायच्या. वासाची लाज बाहेर वाटते, चुलीपाशी नाही.

दुसऱ्या ताटलीत 'लाप' होता. बारीक चिरलेलं कोंबडीचं मांस, पुदिना, लिंबू, आणि वर कोरडे तांदूळ खरपूस भाजून केलेली भरड. त्या भरडीचा वास भाजणीच्या घमेल्यातून उठून आला होता जणू. लाओ भाषेत भाग्याला म्हणतात तोच हा उच्चार, म्हणून मंगलप्रसंगी लाप हवाच. आणि भाग्याचा तो शब्द निघाला आहे पालीतल्या 'लाभ'मधून. दिवाळीला दुकानाच्या चौकटीवर शेंदरानं लिहिलेला आपला लाभ, शुभची सोबत सोडून कुठल्या कुठे जाऊन पुदिन्यात मिसळला होता.

आणि शेवटी टोपली. वेताएवढ्या बारीक बांबूच्या पट्ट्यांची, डब्यासारखी उभी, झाकणाची. तिप खाव. झाकण काढलं, वाफ चेहऱ्यावर आली, आत भात. रात्रभर भिजवून, निमुळत्या बांबूच्या चाळणीत वाफवलेला चिकट भात, खाव नियाव. आमच्याकडे भाताचा असा गिचका झाला असता तर नव्या सुनेचं काही खरं नव्हतं. भात मोकळा हवा, शितानं शिताला धरू नये! इथे ही माणसं स्वतःला अभिमानानं चिकट भाताची लेकरं म्हणवून घेतात.

मी काटा-चमचा शोधू लागले. भिंतीवर एका चौकटीत एक चमचा होता खरा, ओबडधोबड, ॲल्युमिनियमचा. बाईनं सांगितलं, तो बॉम्बच्या पत्र्याचा. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं तिच्या एवढ्याशा देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. कितीतरी फुटलेच नाहीत, अजून शेतांत आहेत, नांगराची वाट पाहत. शियांगखुआंग प्रांतातल्या बान नापिआ गावी लोक तो पत्रा वितळवून चमचे ओततात. १९७५ला राजवट पालटली तेव्हा हजारो माणसं मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेली. त्यांतली अनेक या कापसाच्या मुलखात येऊन ठरली, आणि आता इथल्या मातीत गवती चहा लावतात. हे सगळं तिनं टेबल पुसता पुसता सांगितलं, आपण पाऊसपाण्याचं सांगतो तशा आवाजात. नदी कशी ओलांडली, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"आई, हातानंच खातात इथे," मुलगा म्हणाला.

तीन महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांत मी हात पुढे केला. चिमटीत भात धरला, तो सुटला नाही. तळव्यावर घोळवला, गोळी झाली, अंगठ्यानं मध्ये खळगी केली, लापात बुडवली. पेरांना ऊब लागली. तीच ती दोन बोटं आणि अंगठा. कापूस सोडवणारी, चाफा वेचणारी, लेकराला पहिला घास भरवणारी. माझ्या आईची बोटं माझ्या हाताला होती, हे मला बासष्टाव्या वर्षी, सात समुद्रांपार, एका मेणकापडासमोर कळलं.

डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं, असं मी मुलाला सांगितलं.

उठताना टोपली तशीच उघडी राहिली. बाई लगबगीनं आली, झाकण लावलं, वर हलकेच हात ठेवला. जेवण झाल्यावर तिप खाव उघडा ठेवून उठू नये, अपशकुन असतो, म्हणाली. घर, गाव, नदी, सगळं मागं टाकून आलेल्या बाईनं एवढं मात्र सोबत आणलं होतं.

परत आल्यावर पांढरकवड्याच्या बाजारात मी टोपल्या पाहत फिरले. कोलाम आदिवासींच्या हातची बांबूची वीण तशीच घट्ट, तशीच सुरेख. पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, आलेली एक म्हातारी चार टोपल्या मांडून बसली होती. "याले झाकण नाही का वं?" मी विचारलं.

ती हसली. "टोपलीले कायचं झाकण, मॅडम?"

घेतली. भाकरी आता तिच्यातच असते. वर स्टीलची ताटली झाकते.