आधी नाभी, मग संकल्प

वन्संनी साठी पूर्ण झाली त्या दिवशी सांगून टाकलं, "मला नर्मदामैयाच्या काठाने चालत अमरकंटकला, तिच्या उगमाला जायचंय. तू येतेस का?" मी चोपन्न वर्षांची. देवासात जन्म गेला, चामुंडेच्या टेकडीपलीकडे डोंगर चढलेली नाही. हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले.

हिशेब सोपा वाटला. नर्मदा 1312 किलोमीटर लांब. आम्ही निघणार नेमावरहून. ते तिच्या मध्यावर, म्हणून तिथे तिची नाभी मानतात. म्हणजे उगमापर्यंत साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. रोज 20 किलोमीटर धरले तर 33 दिवस. प्रत्येक दिवसापुढे मी मुक्कामाचं गाव लिहिलं आणि जिथे ओळखीचं कुणी आहे तिथे लाल खूण केली. पुलापलीकडे हंडिया, पुढे हरद्याला पुतण्या. इटारसीत जुनी शेजारीण. नर्मदापुरमला सेठाणी घाटाजवळ डॉक्टर. पान भरलं तेव्हा मला वाटलं, तयारी झालीच.

दसरा झाल्यावर आम्ही नुसती वाट बघून यायला नेमावरला गेलो. चापडा, कन्नौद, खातेगाव करत बस घाटाजवळ आली. सिद्धनाथाचं देऊळ परमारांच्या काळचं, नखशिखांत कोरलेलं. समोरच्या तीरावर हंडियाचा रिद्धनाथ. घाटावर एका पुजारीबाबांना आम्ही नमस्कार केला. त्यांनी "नर्मदे हर" म्हणून विचारलं, "कितनी मूर्ति?"

मला वाटलं, बरोबर देव कुठले आणलेत ते विचारतायत. मी म्हटलं, अन्नपूर्णा घरीच आहे. बाबा म्हणाले, परकम्मेत, म्हणजे परिक्रमेत, माणसाला मूर्तीच म्हणतात. आश्रमात पंगत मांडायची तरी किती मूर्ती आल्या असंच विचारतात. वन्संनी तिथेच माझी वही घेतली, वर लिहिलेलं 'दोघी' खोडलं आणि 'दोन मूर्ती' लिहिलं.

मग बाबांनी वहीतलं वेळापत्रक वाचलं. हरदा, इटारसी, नर्मदापुरम यांवर त्यांनी बोट ठेवलं. "ही सगळी दक्षिण तटावरची गावं. तुम्ही उत्तर तटावरून निघणार. मैया उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही." मला परिक्रमेचा हा नियम ऐकून माहीत होता. पण तो माझ्या पानावर लागू होतो हे डोक्यात आलं नव्हतं. माझ्या सगळ्या लाल खुणा नदीपलीकडे होत्या. पुतण्याचं घर पुलावरून तासाभराच्या अंतरावर, आणि आजारी पडले तरी तिथे जायचं नाही. खरं सांगते, त्या क्षणी परत जावंसं वाटलं.

बाबांनी उत्तर तट तोंडपाठ सांगितला. छीपानेर, आंवलीघाट, नर्मदापुरमच्या समोरचं बुधनी. बरमान, भेडाघाट, जबलपूरचं ग्वारीघाट. पुढे मंडला, डिंडोरी आणि मग मैकल डोंगरांचा चढ. मध्ये येऊन मिळणाऱ्या नद्या, ओढे ओलांडले तर चालतात. मैया तेवढी नाही. जबलपूरच्या पुढे बरगी धरणाच्या पाण्याखाली काठची जुनी वाट गेली आहे, तिथे लांबून वळसा पडतो. तो माझ्या साडेसहाशेत धरलेलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात रोज 10-12 किलोमीटरच चाला, पाय तयार झाले की ते आपोआप वाढवतील, असं ते म्हणाले. 33 दिवसांचे बघता बघता दोन महिने झाले.

कधी निघायचं, हे त्यांनी चिखलावरून सांगितलं. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात. देवउठनी एकादशी झाली तरी काठची काळी माती लगेच वाळत नाही. शेतातून जाताना एकेका पायाला शेर-शेर चिखल चिकटतो. डांबरी रस्त्याने जावं तर वाळूचे डंपर. म्हणून त्रिपुरी पौर्णिमेनंतर निघा, म्हणाले. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदाजयंती असते. तोवर अमरकंटकला पोचायचं, असं आम्ही धरलं. मधले दिवस ताप आला, पाय सुजला, कुठल्या आश्रमातून निघवेना, यासाठी मोकळे ठेवलेत.

मला सर्वांत अवघड गेलं ते सामान. घरी पिठाच्या काट्यावर पाठीवरची पिशवी ठेवली तर साडेअकरा किलो भरली. दोन पातेली, तांदूळ, डाळ, तिखट-मिठाचे डबे, चार साड्या, तीन शाली, औषधांचा डबा. वन्संची साडेपाच. त्या म्हणाल्या, "अगं, वाटेत सदाव्रत मिळतं. तू स्वतःचं धान्य नेलंस तर देणाऱ्याने काय करायचं?" सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ. तो मिळतो, आपण शिजवायचा. नाहीतर आश्रमात पंगतीला टिक्कड-डाळ असते, सकाळी बालभोगाला चहा. आयुष्यभर मी पाहुण्यांचं केलं. कुणाच्या दारात ताट घेऊन उभी राहिले नाही, आणि पिशवीत तांदूळ भरताना मनात तीच लाज होती. तांदूळ काढून डब्यात परत ओतायला मला तीन दिवस लागले. आता पिशवी सहा किलोची आहे. कांबळं मात्र ठेवलं. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, आणि आम्ही तिथे पोचू तेव्हा ऐन थंडी असेल.

बूट-चपलांबद्दल सांगायलाच हवं. महागडे बूट घेऊन पहिल्याच दिवशी टेकडीला पाच फेऱ्या मारल्या आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. चालून पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, पायमोजे घालून द्यायचं, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता एक नंबर मोठे बूट आणि साध्या चपला आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिने पुरतील एवढ्या, दोन ठिकाणी वाटून ठेवल्यात. सगळं मैयावर सोडा म्हणणारे खूप भेटले. गोळ्या मी सोडणार नाही.

कागदही लागतात. आधारची प्रत, दोन फोटो आणि निघतो त्या गावच्या पंचायतीचं किंवा नगरपरिषदेचं पत्र. ते वहीत चिकटवायचं. वाटेतल्या आश्रमांत त्याच वहीवर शिक्के मिळतात. आमचं उगमापर्यंतचंच चालणं म्हणजे खंड परिक्रमा. अमरकंटकला उगमाच्या कुंडापाशी पूजा करायची आणि पेंड्रा रोडहून गाडीने परतायचं. काहीजण याला परिक्रमा मानत नाहीत. वन्संचे गुडघे आणि माझं घर बघता आमच्याच्याने एवढंच होईल, आणि ते आम्ही मनापासून करणार आहोत.

त्या दिवशी परत निघताना मी सहज म्हटलं, नाभीचं दर्शन निघायच्या दिवशीच घेऊ. ती पात्राच्या मध्यावर आहे, नावेने जावं लागतं. नाववाला मान हलवून म्हणाला, "संकल्प घेतल्यावर मी तुम्हाला नेणार नाही." परिक्रमावासी पात्राच्या मध्यावर जात नाहीत. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर, म्हणून परिक्रमा पुरी होईपर्यंत तिथेही जात नाहीत. दक्षिण तटावरच्या ममलेश्वरालाच हात जोडतात.

मग आम्ही तेव्हाच नावेत बसलो. मध्यावर त्याने वल्ही वर घेतली. एकीकडे सिद्धनाथाचं शिखर, दुसरीकडे हंडिया. वन्संनी वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मीही घातला. पाणी वाटलं होतं तेवढं गार नव्हतं, आणि मनगटाला धार पश्चिमेकडे ओढत होती. आम्हाला त्या धारेच्या उलट, उगमाकडे जायचंय.

नेमावरहून निघणार असाल तर आधी नावेने जाऊन नाभीचं दर्शन घ्या, मग घाटावर येऊन संकल्प सोडा. उलटं केलंत तर ती नाव परिक्रमा पुरी होईपर्यंत मिळणार नाही.