शकुंतलेच्या डब्यात शिकलेले इंग्रजी

यंदा पेरणीच्या तोंडावर मानोरा तालुक्यातल्या एका गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. काम आटोपले, चहा झाला, मंडळी पांगली. एक बाई मात्र दाराशी उभीच राहिली. पदर सावरत म्हणाली, "सायब, पोरगं इंग्रजीत नापास झालं. म्हणते, आता शाळेत जात नाई, वावरात येतो. तुम्ही शिकलेले हा. सांगा, काय करू?"

तिला उभ्याउभ्या जे उत्तर दिले ते अपुरे होते. पूर्ण उत्तर आज तुम्हा सर्वांसमक्ष लिहितो. कारण असा मुलगा घरोघरी असतो, आणि एकेकाळी तो मुलगा मीच होतो.

माझे गाव कारंज्यापासून दोन कोसांवर. आज कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे. माझ्या शाळेच्या दिवसांत वाशीम जिल्हा नव्हताच. तो १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. आता २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. आम्ही शब्द पाठ करायचो, स्पेलिंग घोकायचो आणि परीक्षा संपली की विसरून जायचो. मराठीत आणि गणितात मी बरा होतो. इंग्रजीत कसाबसा काठावर तरून मॅट्रिक झालो, बारावी झालो, आणि १९८८ साली अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी भरायला वडिलांनी दारची कालवड विकली.

तिथे गेलो आणि डोळे पांढरे झाले. पुस्तक इंग्रजी, व्याख्यान इंग्रजी, प्रश्नपत्रिकाही इंग्रजी! जे आम्ही जन्मापासून हातांनी करत आलो ते डवरणे, खुरपणे, पेरणे या पुस्तकात ओळखू येईना. एक दिवस वर्गात उभे राहून वाचण्याची पाळी आली. पर्जन्यमापकाचा धडा होता. 'रेन' हा शब्द वाचला. पुढचा शब्द होता जी, ए, यू, जी, ई. मी धीर करून वाचले, "रेन गौगे." सगळा वर्ग हसला. हसणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. पण त्या दिवसापासून मी मागच्या बाकावर गेलो. पहिल्या परीक्षेत दोन विषयांत नापास झालो. दिवाळीच्या सुट्टीला निघालो तो पत्र्याची पेटी भरूनच. परत यायचे नाही, असे मनाशी ठरवले होते.

अकोल्याहून मोठ्या गाडीने मूर्तिजापूर आणि तिथून छोट्या गाडीने कारंजा, असा माझा रस्ता. ही छोटी गाडी म्हणजे आपली शकुंतला. तरुण वाचकांनी तिचे नाव ऐकले असेल, प्रवास केला नसेल. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला जाई. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाईनीपर्यंत नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत एका खासगी कंपनीने हे रूळ टाकले. कापूस पुढे मुंबईला, आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरला जाई. गंमत अशी, की ज्या मँचेस्टरला आपला कापूस गेला तिथलेच १९२१ सालचे वाफेचे इंजिन ही गाडी ओढत असे. ते १९९४ पर्यंत चालले. मग डिझेल इंजिन आले. चाल मात्र बेताचीच. शेजारच्या रस्त्याने जाणारा सायकलवाला हात हलवून पुढे निघून जाई. मनुष्यबळही मोजकेच. मधल्या ठिकाणी गार्डच खाली उतरून तिकिटे फाडी.

त्या दिवशी डब्यात गर्दी नव्हती. समोर एक म्हातारी टोपले घेऊन बसली होती. गार्ड तिकिटे देत आला. माझी पेटी पाहून म्हणाला, "काऊन बापू, दिवाळीले एवढं बिऱ्हाड?"

मला राहवले नाही. सगळे सांगून टाकले. इंग्रजी येत नाही, शिक्षण सोडले.

तो हसला नाही. म्हातारीकडे वळून म्हणाला, "माय, तुले इंग्रजी येते का?"

"मले बाप्पा कुठची इंग्रजी! मी तं अंगठाबहाद्दर."

"बरं. आज गाडी कशी काय?"

"कशी काय म्हंजे? लेट हाये! मघापासून ठेसनावर बसून राह्यलो, शिंगलच पडे ना."

गार्डने माझ्यासमोर बोटे मोडली. लेट, ठेसन, शिंगल. "तीन झाले, बापू."

मग तिला बोलते ठेवण्याचा खेळच लागला. लेक कारंज्याला दिली होती. जावई जिनात कामाला. नातवाला ताप होता, डाक्टरने इंजेक्शन दिले. कापसाला यंदा गिरेड बरी लागली नाही. मुलाची मनिआर्डर यायची होती. टिकीट, गार्ड, इंजन, लाईन, मोटर, गिलास, बटन, कोरट, पोलीस... कारंजा येईपर्यंत आम्ही बावीस शब्द मोजले. म्हातारीला कळेना, आम्ही का हसतो आहोत. कळले तेव्हा तीही तोंडाला पदर लावून हसली.

गार्ड म्हणाला, "या मायनं एक तरी स्पेलिंग पाठ केलं का? ज्या शब्दाशी काम पडलं तो शब्द तिच्या घरी येऊन राह्यला."

वाटेत गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरलो. रुळाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मूर्तिजापूरले मोठी लाईन पाहिली ना? दोन रुळांत साडेपाच फूट. आपली ही अडीच फूट. वाशीमकडची लाईन मीटरची. ह्या मापाले गेज म्हणतात. ब्रॉड गेज, मीटर गेज, न्यारो गेज."

"स्पेलिंग काय?" मी विचारले.

त्याने खडूने डब्याच्या पत्र्यावर लिहून दाखवले. जी, ए, यू, जी, ई.

वाचकहो, मी त्या अक्षरांकडे पाहतच राहिलो. हाच तो माझा 'गौगे'! गेज म्हणजे माप. रुळाचे माप ते रेल्वेचे गेज, पावसाचे माप ते रेन गेज. ज्या शब्दाने माझी फजिती केली तो दोन रुळांच्या मध्ये पडलेला होता, आणि मी लहानपणापासून त्यावरून ये-जा करत होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. शिक्षण सोडल्याचे सांगायचे होते. पण वडील ओसरीवर बाजेवर पडलेले. दिवसभर कपाशीवर फवारणी केली होती. डोके ठणकत होते, मळमळत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आई घाबरून गेली होती. औषधाचा डबा कोपऱ्यात होता. माहितीचा कागद दुकानातच राहिलेला, डब्यावरची मराठी अक्षरे ओघळाने पुसलेली; इंग्रजी तेवढे शिल्लक होते. मी दिव्याखाली डबा धरला. आधी 'पॉयझन' दिसला, आणि त्याखाली लाल त्रिकोण. पुढे अडखळत, बोट ठेवून, एका पंपाला किती औषध ते वाचले. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, हेही वाचले.

"बुवा, तुम्ही किती टाकता?"

"एक झाकण."

धाकट्या भावाच्या खोकल्याच्या औषधावर मिलिलिटरच्या रेघा असलेली टोपी होती. तिने पाणी घेऊन ते झाकण मोजले. लिहिलेल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट भरले! त्या रात्रीच बैलगाडी जुंपून वडिलांना कारंज्याला डॉक्टरांकडे नेले. डबाही बरोबर घेतला. दोन दिवसांत ते उठून बसले.

शिक्षण सोडल्याची गोष्ट मी काढलीच नाही. सुट्टी संपली तशी पेटी उचलून अकोल्याला परत गेलो.

तेव्हापासून एक वही केली. दर प्रवासात पाच शब्द. शब्द कोठे दिसला तेही समोर लिहायचे. एस.टी.चा मेकॅनिक चाकाची बेअरिंग बदलत होता; पुस्तकात फळ धरण्यालाही बेअरिंग म्हणतात. चाकाचा भार पेलणारी ती बेअरिंग, आणि फळांचा भार पेलणारे झाडही बेअरिंग! मालडब्यावर 'टेअर' लिहिलेले असे, म्हणजे रिकाम्या डब्याचे वजन. कापसाच्या काट्यावर रिकाम्या बंडीचे जे वजन वजा करतात तेही तेच. अशा शब्दांची तीन वर्षांत चार वह्या भरल्या. राहिलेले विषय सुटले, पदवी मिळाली. ज्यांच्या नावाचे ते विद्यापीठ, ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकऱ्याचे पुत्र. ते एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आले आणि १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री राहिले. त्यांच्या नावाखाली बसून शेतकऱ्याच्या पोराला इंग्रजी जमत नाही, असे म्हणायला मला तोंड नव्हते. माझे इंग्रजी आजही फार मोठे नाही. साहेबी बोलणे जमत नाही. पण वाचून कामाचे ते काढता येते.

आता तुम्हाला चार गोष्टी सांगतो.

पहिली, गेजची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे आम्ही दरवर्षी सांगतो. ते मोजायला सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून लिहा. हे काम शाळेतल्या मुलाकडे द्या. दुबार पेरणीचा खर्च त्याच्या वहीने वाचेल.

दुसरी, डब्यावरच्या त्रिकोणाची. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन' हे शब्द असतात. हिरवा आहे म्हणून ते पाणी नव्हे, तेही विषच. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका.

तिसरी, माहितीपत्रकाची. ते मराठीतही असते. दुकानातून मागून घ्या आणि फवारणीआधी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. बाधा झालीच तर घरी उपाय करत बसू नका. डबा आणि पत्रक घेऊन तडक दवाखाना गाठा. त्यावर उतारा लिहिलेला असतो.

चौथी, मुलांची. एस.टी.त मूल खिडकीशी बसले की त्याला पाट्या वाचू द्या. चुकले तर हसू नका. मराठी पक्की करून घ्या. कारण मला गेज कळले ते गार्डाने आपल्या बोलीत सांगितले म्हणून.

शकुंतला आता कित्येक वर्षे बंद आहे. रुळांत गवत माजले आहे. वाशीमची मीटर लाईन २००८ साली ब्रॉड गेज झाली, तशी हीही व्हावी, असे लोक म्हणतात. तो गार्ड पुन्हा भेटला नाही. त्याचे नाव विचारायचे राहूनच गेले.

मानोऱ्याच्या त्या माउलीला माझे सांगणे इतकेच : पोराला शाळेत धाडा, आणि संध्याकाळी वावरातला डबा त्याच्या हाती देऊन म्हणा, वाच. माझ्या वडिलांना सहीपुरते मराठी येत होते, इंग्रजीचे अक्षर ओळखता येत नव्हते. पण त्या दिवाळीनंतर त्यांनी 'पॉयझन' हा एक शब्द चित्रासारखा ध्यानात ठेवला. पुढे जन्मभर दुकानात डबा हाती आला की आधी तो फिरवून पाहत, आणि मगच पैसे काढत.