वीज पोहोचली म्हणजे कुणापर्यंत?

ऊर्जा सुरक्षेची चर्चा आपल्याकडे नेहमी मोठ्या आकड्यांत होते. 30 मे 2024 रोजी देशाची विजेची कमाल मागणी 2,50,000 मेगावॅटवर गेली. 2024-25 मध्ये कोळशाचे उत्पादन 100 कोटी टनांपुढे गेले. कच्च्या तेलाची 85 टक्क्यांहून जास्त गरज आयातीवर भागते, म्हणून आखातात तणाव वाढला की दिल्लीची झोप उडते. हे सगळे महत्त्वाचेच आहे. पण ज्या सुरक्षेची एवढी काळजी चालली आहे, ती नेमकी कुणाची?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. नव्वदच्या दशकात माझे गाव सरकारदरबारी 'विद्युतीकृत' होते आणि आमच्या वस्तीत मात्र रॉकेलची चिमणी होती. डीपी गावठाणात, खांब देवळापर्यंत. सातवीपर्यंतचा माझा अभ्यास त्या चिमणीवर झाला. आजी म्हणायची, "लाइट गावाला आलीय, आपल्याला नाही."

कागद खोटा नव्हता. व्याख्याच तशी होती. 1997 पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत. म्हणजे एखाद्या बागायतदाराच्या विहिरीवर मोटर चालली, तरी अख्खे गाव उजळले! 1997 मध्ये ती वीज लोकवस्तीत असली पाहिजे असे ठरले. 2004 मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. गावात दलित वस्ती असेल तर तिथेही वाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मर हवा, हे शासनाला तेव्हा कुठे लिहावे लागले. जात नव्हतीच, तर हे वाक्य का लिहावे लागले? आणि तरीही अट होती फक्त 10 टक्के घरांची. शंभरातली नव्वद घरे अंधारात ठेवूनही गाव विद्युतीकृत ठरू शकत होते. एप्रिल 2018 मध्ये देशातले शेवटचे गाव उजळल्याची घोषणा झाली, तीही याच व्याख्येवर. घरोघरी जोडणी देण्यासाठीची 'सौभाग्य' योजना 2017 मध्ये आली.

व्याख्या कोण करतो, यावर सगळे ठरते. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि वीज हा विषय त्याच खात्यात होता. दामोदर खोरे योजना, 1944 चे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, हे त्या काळातले काम. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी मांडलेला विचार साधा होता: वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय जमिनीवरचा भार आणि दारिद्र्याचा फेरा सुटत नाही. त्यांच्या लेखी वीज हे साधन होते, माणसाची सुटका हे साध्य.

आज हाच विचार सौरऊर्जेला लावून बघा. सूर्य सगळ्यांचा आहे, हे खरे. पण पॅनेलला छप्पर लागते किंवा जमीन लागते. 'पीएम सूर्यघर'चे अनुदान पॅनेल बसवण्याजोगे छत असेल तर मिळते. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याने काय करावे? 'कुसुम' योजनेत शेतकरी आपल्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून वीज विकू शकतो. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिवाटीखालील क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे 9 टक्क्यांहून कमी आहे, लोकसंख्येत वाटा मात्र 16.6 टक्के. म्हणजे कोळशाच्या युगात खांब वस्तीबाहेर थांबला, सौरयुगात अनुदान सातबाऱ्यापाशी थांबते. भूमिहीनाच्या वाट्याला काय? पॅनेल पुसण्याची रोजंदारी!

म्हणून आपली मागणी 'फुकट वीज द्या' एवढीच नको. वस्तीच्या समाजमंदिरावर, वसतिगृहावर, गायरानावर सामूहिक सौर प्रकल्प हवेत आणि त्यांची मालकी वस्तीतल्या सहकारी संस्थेकडे हवी. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी त्यासाठी मागता येतो. प्रत्येक ऊर्जा योजनेचे लाभार्थी जातनिहाय जाहीर झाले पाहिजेत. ग्रामसभेत हा विषय घ्या, माहिती अधिकारात अर्ज टाका, आपल्या तालुक्यात किती छपरे आणि कुणाची, हे विचारा.

देशाच्या गरजेचे कारण सांगून जमीन, कोळसा आणि श्रम घेतले जातात, तेव्हा आपण देशात मोजले जातो. वीज वाटताना मात्र व्याख्या बदलते. पुढची व्याख्या लिहिली जाईल तेव्हा टेबलावर आपण असलो पाहिजे.

जयभीम!