उशाकडची जागा

कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर, म्हणून आमच्याकडे पाहुणे मराठवाड्याचेही आणि वऱ्हाडातलेही. आले की आधी अंगणात बाज टाकायची, पाणी नंतर. आजोबांनी सुताराकडून घडवून घेतलेली ही बाज बाभळीची. कुसू भोकात ठोकून बसवलेलं, खिळा एकही नाही. सुतळी सैलावली की पायथ्याची दोरी ओढायची, पुन्हा ताठ. माझा पुण्यातला हप्त्यावरचा सोफा तीन वर्षांतच खचला.

उशाकडे जावई, व्याही, पायथ्याशी घरचे. आमचे सालगडी मामा कायम समोर, जमिनीवर उकिडवे. या दिवाळीत त्यांचा मुलगा आला, माझ्यासारखाच इंजिनिअर. बाबा म्हणाले, "बस की वर, उशाकडं." तो बसला.

मी मामांचा हात धरला.

"राहू द्या भाऊ, इथंच बरं हाय."

मुलगा चहाच्या कपाकडे बघत राहिला.