कोयता, फॅट आणि दहा दिवसांचा पगार

यंदा आई-तात्यांनी ऊसतोडीची उचल घेतली नाही. बचत गटाच्या कर्जातून दोन संकरित गाई दावणीला आल्या आणि बी.ए. झालेली म्हणून दुधाचा हिशेब माझ्याकडे आला. आमच्या आष्टी तालुक्यातल्या कड्याच्या दूध संकलन केंद्रावरून पहिली पावती हातात पडली तेव्हा मी ती उलटसुलट करून पाहत राहिले. चार बोटं रुंद कागद. फॅट ३.२, एसएनएफ ८.१, लिटर, दर, रक्कम. आदल्या दिवशी याच गाईंचं एवढंच दूध घातलं होतं, तरी रक्कम कमी. विचारलं तर केंद्रावरचे दादा म्हणाले, "फॅट लागला नाही, ताई." मागे कॅन घेतलेल्यांची रांग होती. मी बाजूला झाले.

या कागदाने मला इतकं का घाबरवलं, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दसरा झाला की बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचं आणि हंगाम संपून पट्टा पडला की परत यायचं. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती लढून मिळवलेली वाढ आहे, तिचं मोल मी कमी करणार नाही. पण उचलीशिवाय पावसाळा निघत नाही, ही गाठ दरवाढीने सुटत नाही. बाजरी, तूर, उडीद पावसावर. कांद्याचा पैसा एकदाच येतो आणि भाव काय लागेल ते पट्टी हातात पडेपर्यंत कळत नाही. दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी होतो. किराणा त्यातून, औषध त्यातून, भावाची फी त्यातून. म्हणून तो फॅट लागणं आमच्यासाठी महत्त्वाचं.

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरतात. त्याखाली पॉइंट घसरला की दर कापला जातो. २०२४ च्या जुलैपासून सरकारने काही महिने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेही याच मापाच्या हिशेबाने आणि गाईच्या कानात बिल्ला असेल तरच. एवढं वाचून समजलं. पण फॅट वाढवायचा कसा, हे मला सांगितलं शेजारच्या मावशींनी. त्या धार काढायला बसल्या की सड रिकामा झाला असं मला वाटायचं तेव्हा त्यांचा हात थांबलेला नसायचा. कासेला हलकेच चोळून त्या आणखी चार-सहा धारा काढत. "या शेवटच्या धारातच लोणी असतं गं, सुरुवातीचं दूध पातळच." दुसरी गोष्ट वैरणीची. पाऊस पडला की बांधावरचं लुसलुशीत गवत गाई आवडीने खातात, दूध वाढल्यासारखं वाटतं आणि फॅट खाली येतो. कोवळ्या चाऱ्यात काडी नसते. त्याच्या जोडीला कडब्याची कुट्टी द्यावीच लागते. एसएनएफ घसरतो तो खुराक तोकडा पडल्याने. मग सुग्रास पेंड वाढवायची, तर तिच्या पोत्याचा भाव पगारातूनच जाणार. हे गणित अजून माझ्या हातात बसलेलं नाही.

मुरघासाने थोडा आधार दिला. मक्याचं कणीस चिकात असताना कापायचं, कुट्टी करायची, पिशवीत थरावर थर घालून पायाने तुडवायचं, हवा राहू द्यायची नाही. ४५ दिवसांनी पिशवी उघडली तेव्हा आंबूस-गोड वास आला आणि मावशी म्हणाल्या, "जमलं." काळं पडलं, बुरशी धरली, तर ते गाईपुढे टाकायचं नाही.

पण मका पाण्यावर येतो, आणि आष्टी तालुका पर्जन्यछायेतला. २०१८-१९ च्या दुष्काळात इथली जनावरं छावण्यांत बांधली होती, ते मी लहानपणी पाहिलंय. याला उत्तर शोधलेलं गाव लांब नाही. कड्याहून नगर जवळ, आणि नगरजवळच हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, डोंगरावर चर खोदले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. डोंगरावरचं गवत कापून आणायचं ठरलं आणि दूध वाढलं. तिथे आधी पाणी आणि गवत, मग गाई. आमच्याकडे योजना गाईपासून सुरू होते. गुजरातमधल्या आनंदच्या दूध सहकारी संस्थांच्या धर्तीवर १९७० साली देशभर दुधाचा महापूर आणणारी योजना सुरू झाली, तिची ताकद दूध गोळा करण्यात जितकी होती तितकीच पशुखाद्य आणि जनावरांच्या डॉक्टरांत होती, असं मी वाचलं. ते पटतं.

गाई देणाऱ्या, कर्ज देणाऱ्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कर्जाच्या कागदाबरोबर एक बाई आमच्या गोठ्यावर पाठवा, जी धार काढून दाखवेल, कुट्टी दाखवेल, मुरघास भरून दाखवेल. दराचा तक्ता प्रत्येक संकलन केंद्रावर मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. आणि दुधाचा दर पडेल त्या महिन्यात कर्जाचा हप्ता पुढे ढकलायची सोय करा. नाही तर तो हप्ता भरायला आमची माणसं पुन्हा मुकादमाच्या दारात जातील.