लष्कर मोहल्ल्यातून फिरताना: सी. के. नायडूंना हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळावी का?

म्हैसूरला गेलात की राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन गार्डन हे तुम्ही पाहणारच. पण एक सकाळ लष्कर मोहल्ल्यासाठी राखून ठेवा. नाव ऐकताच पुणेकरांना आपला कॅम्प आठवेल. ग्वाल्हेरमध्येही लष्कर आहे, शिंद्यांच्या छावणीवरून नाव पडलेलं. आता इथे दुकानं, जुनी घरं, शाळा आणि चहाच्या टपऱ्या आहेत.

सुरुवात करा ‘दोड्ड गडियार’ म्हणजे मोठ्या घड्याळापासून. कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीला २५ वर्षं झाली, त्याची आठवण म्हणून १९२७ मध्ये हा ७५ फुटी मनोरा उभारला. तबकडीवरचे आकडे कन्नडमध्ये आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना वेळ ओळखायला सांगा, मजा येते. तिथून अशोका रोडने उत्तरेला चालू लागा. रमतगमत अर्ध्या तासात तुम्ही सेंट फिलोमिना चर्चपाशी पोहोचाल. १९३३ मध्ये त्याची पायाभरणी महाराजांच्याच हस्ते झाली. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलच्या धर्तीवर बांधलेले त्याचे १७५ फुटांचे दोन मनोरे लांबूनच दिसतात.

चालताना रस्त्यांच्या पाट्या वाचा. एक आयर्विन रोड, व्हाइसरॉयच्या नावाचा. पलीकडे सय्याजी राव रोड, म्हणजे आपल्या बडोद्याचे सयाजीराव गायकवाड! दसऱ्याची जंबो सवारी याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. प्रत्येक शहर अशा पाट्यांवर आपल्या आवडत्या माणसांची यादी लिहून ठेवतं. कुणाचं नाव लागतं आणि कुणाचं राहून जातं, यावर घरोघरी वादही होतात. क्रिकेटमध्येही अशी एक यादी आहे: आयसीसी हॉल ऑफ फेम. त्या यादीत एक नाव अजून नाही आणि त्या नावाचं म्हैसूरशी जुनं नातं आहे. नातं तसं गोड नाही, धुलाईचं आहे!

गोष्ट मार्च १९४६ ची. इंदूरला रणजी करंडकाचा उपांत्य सामना होता, होळकर विरुद्ध म्हैसूर. होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. एकाच डावात सहा जणांची शतकं झाली: भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रताप सिंग आणि कर्णधार सी. के. नायडू. नायडूंच्या धावा १०१ आणि वय ५० वर्षं! त्याच मोसमात होळकर संघाने अंतिम सामन्यात बडोद्यालाही हरवून करंडक जिंकला.

नायडू १८९५ मध्ये नागपूरला जन्मले, तिथेच शिकले आणि पुढे इंदूरच्या होळकरांकडे गेले. गोलंदाज त्यांना का घाबरत, हे समजायला १ डिसेंबर १९२६ चा दिवस पुरेसा आहे. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाची गाठ इंग्लंडहून आलेल्या एमसीसीशी होती. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. आज आयपीएलमध्ये इतके षटकार कुणी मारले तर आपण दिवसभर व्हिडिओ पाठवत बसतो. तेव्हा बॅट हलक्या होत्या, सीमारेषा जवळ ओढलेली नव्हती आणि समोर मॉरिस टेटसारखा गोलंदाज होता. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

त्या खेळीचा परिणाम फक्त धावफलकापुरता राहिला नाही. एमसीसीचे कर्णधार आर्थर गिलिगन यांनी भारताला कसोटी खेळू द्यावी म्हणून बाजू उचलून धरली. १९२८ मध्ये बीसीसीआय स्थापन झालं. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा कर्णधार होते नायडू. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत झाली, तरी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या, शिवाय ६५ बळी घेतले. ‘विस्डेन’ने १९३३ च्या अंकात त्यांना वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये निवडलं.

मग अडचण कुठे आहे? अडचण आकड्यांची आहे. कसोट्या फक्त ७, धावा ३५०, सरासरी २५, शतक एकही नाही. नुसता हा तक्ता पाहिला तर हॉल ऑफ फेम सोडाच, हे नाव कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. धाक मोजायचा कसा? आजोबांच्या आठवणीत प्रत्येक षटकार थोडा लांबच जातो. शिवाय सांगलीचे विजय हजारे कसोटीत ४७.६५ च्या सरासरीने खेळले आणि विजय मर्चंट ४७.७२ च्या. २०२५ पर्यंत हॉल ऑफ फेममध्ये ११ भारतीय खेळाडू आले, त्यांत हे दोघेही नाहीत. मग २५ च्या सरासरीवाल्याला आधी का घ्यायचं?

आता लष्कर मोहल्ल्यातल्या एखाद्या बोळात, सुट्टीच्या दिवशी मुलं खेळत असतील तिथे थांबा. साधा खेळाडू खेळायला आला की सगळे जवळ उभे राहतात. मग जोरात मारणारा एक जण येतो. कुणी काही न बोलता सगळे मागे सरकतात. एक जण तर आधीच शेजारच्या गेटपाशी जाऊन उभा राहतो, कारण चेंडू तिकडेच जाणार. हे मागे सरकणं कुठल्याही धावफलकात लिहिलं जात नाही. पण खेळ तिथूनच बदलतो.

नायडूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पहिली कसोटी खेळले तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत भारताला कसोटी खेळायची संधीच नव्हती. ज्या परीक्षेला बसूच दिलं नाही, तिचे गुण कमी म्हणून नापास कसं करायचं? जिथे खेळायला मिळालं तिथला हिशोब पाहा: प्रथम श्रेणीत २०७ सामने, ११ हजार ८२५ धावा, २६ शतकं आणि ४११ बळी.

आणि असा निर्णय आयसीसीने पूर्वी घेतलेला आहे. २०२१ मध्ये जुन्या काळातल्या खेळाडूंना खास जागा देण्यात आली. त्यात आपले विनू मांकड होते आणि वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइनही होते. कॉन्स्टंटाइन यांची कसोटीतली फलंदाजीची सरासरी २० पेक्षाही कमी आहे. गोलंदाज म्हणून ५८ बळी आहेत, हे मान्य. पण त्यांना जागा मिळाली ती केवळ आकड्यांवर नाही. आपल्या देशाचं क्रिकेट जगाला दाखवणारा माणूस म्हणूनही मिळाली. मग तोच नियम नायडूंना का नको?

माझं मत स्पष्ट आहे: त्यांना जागा मिळायला हवी. हजारे आणि मर्चंट यांनाही मिळावी, पण ते आकड्यांच्या जोरावर भांडू शकतात. नायडूंची बाजू कुणीतरी सांगावी लागते. घरी त्यांचा मान झालाच आहे. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, ते मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो. बाहेरच्या पाटीवर मात्र नाव यायचं आहे.

जाता जाता म्हैसूरकरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ९१२ धावांचा मार खाऊन, पहिल्या डावात १९० वर आटोपूनही त्यांनी दुसऱ्या डावात ५०९ धावा केल्या. पुढे याच शहराने भारताला जवागल श्रीनाथ दिला, म्हणजे घाबरवायची पाळी फलंदाजांवर आली!

तर पुढच्या सुट्टीत अशोका रोडने चाला, चर्चच्या पायऱ्यांपाशी जरा टेका आणि हा प्रश्न घरातल्या सगळ्यांना विचारा. आजोबा एक सांगतील, मुलं दुसरंच. वाद रंगला तर परतीचा प्रवास कधी संपला, ते कळणारही नाही.