हलणाऱ्या पाटावरचे घर

शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला गुरुजी म्हणाले, "आज घर बांधायचं. पण आधी पाटीवर नकाशा काढा. दार कुठं, खिडकी कुठं, ते ठरवा." आम्ही चार-चार जणांचे गट केले. ओढ्यातून खडे आणले. चिखल तुडवला. छपराला तुराट्या घेतल्या.

माझ्या गटाने जुन्या माळवदासारखे घर केले. भिंत जाड केली. आतून-बाहेरून मोठे खडे लावले आणि मधे बारीक खडे व चिखल भरला. छपरावर मातीचा जाड थर दिला. मला वाटले, आमचाच पहिला नंबर येणार.

मग गुरुजींनी पाटाखाली गोट्या ठेवल्या आणि पाट हलवला. भिंतीची बाहेरची बाजू बाहेर पडली, आतली आत पडली आणि छप्पर धप्पदिशी खाली आले. मुले हसली. मला रडूच आले. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशीच घरे पडली. लोक गणपती बोळवून झोपले होते. हजारो माणसे गेली."

आम्ही घर पुन्हा बांधले. या वेळी मधे मधे भिंतीच्या आरपार जाणारे लांब खडे घातले. दाराच्या वर चारही भिंतींवरून बांबूच्या कामट्यांचा पट्टा बांधला. छपराची माती कमी केली. पाट हलवला तर नुसत्या भेगा पडल्या. घर उभेच राहिले!

घरी जाऊन हे आजीला सांगितले. आजीची मोठी बहीण त्या भूकंपात गेली. पावसाळा सोडला तर आजी अजून अंगणातच झोपते. मी तिला भित्री म्हणून चिडवत होतो. आता नाही चिडवणार.

आमचे दादा यंदा दगडाची एक खोली बांधणार आहेत. मी त्यांना आरपार दगडाचे आणि पट्ट्याचे सांगितले. दादा म्हणाले, "गवंड्याला विचारून बघतो." आजी म्हणाली, "विचारू नको, त्याला सांग. लेकरू खरं बोलतंय."

पालकांनो, आमचे घर वर्गात खिडकीपाशी ठेवले आहे. पाट हलवून बघा. पण जरा हळू हलवा.